चांदी काळी पडली आणि सगळे शहाणे झाले

चांदीचे दागिने काळे पडायला मुहूर्त लागत नाही, पण ते काळे पडलेत हे कळायला मात्र बरोब्बर मुहूर्त लागतो, म्हणजे कपडे घालून झालेत, केस आवरून झालेत, घरातली सगळी मंडळी दारात चपला घालून उभी राहून हाका मारतायत आणि आपण डबी उघडतो तर आत झुमके नाहीतच, दोन कोळसे आहेत. बरं डबी साधी नाही, आतून मखमल लावलेली, वरून कडी, ती कपाटात, कपाटाला कुलूप. एवढा बंदोबस्त चोरासाठी होता हो, हवेला कोण सांगणार.

त्यातही ती एकदम काळी पडली असती तर मी समजून घेतलं असतं. ती आधी किंचित पिवळट होते, तेव्हा आपण म्हणतो ट्यूबलाइटमुळे तसं दिसतंय. मग तपकिरी होते, तेव्हा म्हणतो अँटिक लुक आलाय, छानच दिसतंय की. मधेच कधी निळी-जांभळी झाकसुद्धा मारते, आणि मग एके दिवशी ठार काळी. इतक्या नोटिसा देऊनही आपण हललो नाही, मग तिचं तरी काय चुकलं म्हणा.

मी आधी समजायचे की चांदी गंजते. तर तसं नाही, गंज हे लोखंडाचं दुखणं. चांदीचं खरं वाकडं आहे ते गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी नावापुरता असतो पण तिला तेवढाही पुरतो, वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो आणि तोच तो काळा रंग, हवा दमट असेल तर काम अजूनच झटपट. आणि आपण जिला चांदी म्हणतो ती बहुतेक वेळा पूर्ण चांदी नसतेच, दागिन्यावर बारीक 925 असा शिक्का असतो तो बघा, म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि उरलेल्या 75 मध्ये मुख्यतः तांबं, कारण नुसती शुद्ध चांदी इतकी मऊ की अंगठी नीट टिकायची नाही. आता तांबं तर काळवंडायला एका पायावर तयारच असतं.

शिवाय गंधक घरभर असतो. अंड्यात, कांद्यात, लोकरीत, रबरात. आमच्या आईने पैंजणांची जोडी एकमेकांपासून लांब जाऊ नये म्हणून मोठ्या प्रेमाने रबरबँड लावून ठेवली होती. जोडी अजिबात लांब गेली नाही, फक्त रबर जिथे होतं तिथे दोन्ही पैंजणांवर एकाच जागी काळा पट्टा उमटला. आई म्हणाली, "बघ, हरवले तर नाहीत ना?" यावर काय बोलणार.

खरा छळ पुढेच सुरू होतो. दागिना काळा पडलाय असं तोंडातून एकदा निघायचा अवकाश, जिला-तिला एक रामबाण उपाय माहीत असतो आणि प्रत्येक उपाय किचनमध्येच सापडतो. मावशी म्हणते लिंबू-मीठ लाव. भाची म्हणते टोमॅटो केचप, तिने व्हिडिओ पाहिलाय. नवरा टूथपेस्टवाला. एरवी स्वतःचे दात जेमतेम घासणारा हा माणूस चेन हातात आली की ब्रश घेऊन असा काही तुटून पडतो की चेनलाच मुका मार लागावा. त्याला मी समजावलं की अरे, पेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात, बऱ्याचदा सिलिकाचे, ते दातासाठी केलेले. कठीणपणाच्या मोस स्केलवर दाताचं इनॅमल 5 च्या आसपास येतं आणि चांदी जेमतेम अडीच ते तीन. म्हणजे चकाकी येते खरी, पण उन्हात धरलं की अंगभर बारीक बारीक ओरखडे. यावर तो म्हणतो, "उन्हात धरतंच कोण?" वाद घालण्यात अर्थ नसतो, ब्रश काढून घ्यायचा.

माझं मत विचाराल तर घरच्या उपायांत दोनच खरे. थोडंसंच काळवंडलं असेल तर कोमट पाणी, भांड्याच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब, मऊ फडकं, बास. आणि पार कोळसा झाला असेल तर फॉइल.

फॉइलचा प्रयोग करण्यात मजा आहे, कारण घरातले सगळे बघायला जमतात. एका बाउलमध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरायची, (चकचकीत बाजू वर की खाली यावर आमच्याकडे जोरदार चर्चा होते, काहीही फरक पडत नाही), त्यावर दागिने ठेवायचे, बेकिंग सोडा भुरभुरायचा आणि वरून कडकडीत गरम पाणी ओतायचं. दागिना फॉइलला टेकला पाहिजे ही एकच अट, वर तरंगत फजिती बघत बसला तर काही होत नाही. मग बुडबुडे येतात, काळं डोळ्यांदेखत फिकट होत जातं आणि त्याचवेळी सडक्या अंड्याचा वास सुटतो. या क्षणी खोलीतला प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे संशयाने बघतो. नवरा तर "मी नाही" असं न विचारताच सांगून टाकतो. अहो, तो चांदीतून सुटलेला गंधक असतो, हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने निघालेला. खिडकी उघडा आणि एकमेकांना माफ करा.

यात मला आवडतं ते असं की अ‍ॅल्युमिनियम गंधकाला चांदीपेक्षा जास्त जवळ करतं, त्यामुळे सल्फाइडमधली चांदी जागच्या जागी राहते आणि गंधक तेवढा निघून जातो. घासून काढलं तर काळं जातं ते थोडीशी चांदी घेऊनच, म्हणजे आपण दरवेळी कणाकणाने दागिनाच फडक्याला पुसत असतो. फॉइलवाल्या चांदीवर कधीकधी जरा मंद, पांढुरकी छटा राहते, मग कापडाने हलकासा हात फिरवायचा, तोही सरळ रेषेत, गोल गोल नाही.

पण हा प्रयोग यशस्वी झाला की घरात भूत शिरतं. जो तो आपापलं काहीबाही आणून त्या पाण्यात टाकायला बघतो. तिथे मी दारात पोलिसासारखी उभी राहते. ऑक्सिडाइज्डचा हार? मागे घे. त्याची ती नक्षीतली काळी छटा मुद्दाम आणलेली असते, त्याच काळेपणाचे पैसे मोजलेत आपण, फॉइल ती छटा पुसून नक्षीतल्या मोराचा नुसता पत्रा करून ठेवेल. मोत्याचे कानातले? अजिबात नाही, मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला लिंबू-व्हिनेगर तर सोडाच, गरम पाण्यातला हा सोडाही नको, ओलसर मऊ कापडाने पुसायचा आणि सोडून द्यायचा. फिरोजा नको. गमने चिकटवलेले खडे नकोत, नंतर बाउलच्या तळाशी शोधावे लागतात. चांदीचा नुसता मुलामा असेल तर जास्त घासाल तेवढं आतलं पितळ लवकर भेटायला येईल. आणि एक काकू तर मोठ्या आशेने जर्मन सिल्व्हरचं कडं घेऊन आल्या, आता त्यात तांबं, निकेल, जस्त सगळं असतं, चांदी तेवढी नसते. काकूंना हे सांगायचं काम नवऱ्याने माझ्यावर ढकललं आणि स्वतः पाणी गरम करायला गेला, गरज नसताना.

धुणं हा तर वेगळाच अध्याय. स्वच्छ झालेलं कानातलं नळाखाली धरायचं आणि त्याची फिरकी सुळकन सिंकच्या भोकात जायची. झुमका कधी जात नाही, जाते ती फिरकीच. म्हणून भोकावर आधी चाळणी, मग नळ. आणि धुतल्यावर खडखडीत कोरडं करायचं, साखळीच्या कड्यांमध्ये पाणी अडकतं ते सुद्धा.

बाजारात ते पॉलिशचं खास कापडही मिळतं, त्यात औषध भरलेलं असतं, ते वापरून वापरून काळंकुट्ट होतं तरी काम करत राहतं, आणि धुतलं की त्यातलं औषध जातं. आता आमच्या आईच्या नजरेला काळं फडकं पडणं आणि ते मशीनमध्ये न जाणं या दोन गोष्टी एका घरात शक्य नाहीत. आता ते कापड मी कुलपात ठेवते, दागिन्यांच्या कपाटात.

ठेवणीचं म्हणाल तर मखमल राहू दे, प्रत्येक दागिना वेगळ्या झिपलॉक पिशवीत, हवा दाबून काढून, सोबत सिलिका जेलची पुडी. दिसायला अगदीच पुराव्याच्या पाकिटांसारखं दिसतं पण काळं पडत नाही. परफ्यूम आधी, दागिना नंतर. ब्लीच हातात घेतलं किंवा स्विमिंग पूलमध्ये उतरायचं असलं की अंगठ्या काढायच्या, क्लोरीन चांदीला सोसत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दागिना घालायचा, रोज, कारण अंगावर कपड्याला-कातडीला घासून तो थर नीट बसतच नाही. मी हे इतकं मनावर घेतलंय की परवा मोठा हार घालून, झुमके डुलवत, हॉलमध्ये बसून टॉवेलच्या घड्या घालत होते. नवऱ्याने दारातूनच बघितलं आणि एकदम सावध होऊन विचारलं, "आज कुठे जायचंय का? मला सांगितलं होतंस का?" मी काहीच बोलले नाही. तो आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आला.