कॉन्स्टॅन्शियाच्या द्राक्षमळ्यांवर बंगले "आपोआप" उगवले नाहीत

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, मला स्वतःला तीन जणांनी पाठवलाय आणि तिघांनीही सोबत "बघ किती छान माहिती" असं लिहिलंय. केपटाउनच्या कॉन्स्टॅन्शिया नावाच्या उपनगराबद्दल आहे. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात असा: 1685 मध्ये डच गव्हर्नर सायमन व्हॅन डर स्टेलला टेबल माउंटनच्या मागे ओसाड जमीन मिळाली, त्याने तिला आपल्या बायकोचं नाव दिलं, दक्षिण आफ्रिकेतला पहिला द्राक्षमळा लावला, घाम गाळून जगप्रसिद्ध वाइन केली, नेपोलियन तिथे येऊन ती प्यायचा, तेव्हापासून आजपर्यंत वाइन अखंड बनतेय, मूळ वाडा जसाच्या तसा उभा आहे, आणि पुढे शेती परवडेना म्हणून मालकांनी प्लॉट पाडून विकले आणि कुणालाही त्रास न होता एक शांत, हिरवं, श्रीमंत उपनगर तयार झालं.

वाचायला गोड आहे, मान्य. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं नाहीतर अर्धवट आहे, आणि शेवटचं तर अर्धवट ठेवल्यामुळेच एवढं गोड लागतं. तर एकेक मुद्दा घेतो, सगळ्यांवर सारखा वेळ घालवणार नाही, कारण काही चुका नुसत्या हसण्यावारी नेण्यासारख्या आहेत.

आधी किरकोळ घेऊ. "बायकोचं नाव". व्हॅन डर स्टेलच्या बायकोचं नाव योहाना याकोबा सिक्स, आणि ती केपला, म्हणजे केपटाउनभोवतीच्या त्या वेळच्या डच वसाहतीत, आलीच नाही, हॉलंडमध्येच राहिली. कॉन्स्टॅन्शिया हे नाव नेमकं कुठून आलं यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही, कुणी म्हणतं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या मुलीवरून, कुणी म्हणतं लॅटिनमधल्या "स्थैर्य" या अर्थाच्या शब्दावरून. पण बायको नाही हे नक्की. आणि 1685 मध्ये तो गव्हर्नरही नव्हता, 1679 ला कमांडर म्हणून आला आणि गव्हर्नरपद 1691 मध्ये मिळालं.

"पहिला द्राक्षमळा". हे तर साफच चूक. केपमध्ये वेली लावायला सुरुवात वसाहतीचा पहिला कमांडर यान व्हॅन रीबीक याच्या काळात 1655 मध्ये झाली आणि 2 फेब्रुवारी 1659 ला केपच्या द्राक्षांची पहिली वाइन काढल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे, म्हणजे व्हॅन डर स्टेल केपला यायच्या 20 वर्षं आधी. व्हॅन रीबीकचा मोठा मळा होता बॉसह्यूवेल इथे, जिथे आज बिशप्सकोर्ट हे महागडं उपनगर आहे, आणि शेजारच्या वाइनबर्ग उपनगराच्या नावातच द्राक्षमळ्याची टेकडी बसलीये. त्यामुळे "मळ्यावर वसलेलं उपनगर" ही कॉन्स्टॅन्शियाची एकट्याची गोष्ट नाहीच, डोंगराच्या त्या बाजूचा अख्खा पट्टाच तसा आहे. कॉन्स्टॅन्शियाच्या खोऱ्यात सुद्धा स्टीनबर्गची जमीन 1682 मध्ये कातरिना रास नावाच्या एका विधवा बाईकडे होती, म्हणजे तिथे पहिली शेतजमीन घेण्याचा मानही व्हॅन डर स्टेलकडे जात नाही. बाईमाणूस म्हटल्यावर फॉरवर्डवाल्यांना आठवण राहत नाही बहुतेक.

आता "ओसाड जमीन", आणि इथे जरा थांबायला हवं. ही जमीन तिथल्या मूळच्या, गुरं पाळणाऱ्या खोईखोई लोकांच्या गुराढोरांची चराई होती. ते एका जागी घरं बांधून राहत नव्हते, ऋतूप्रमाणे कळप घेऊन फिरायचे, म्हणून युरोपियन डोळ्याला ती "रिकामी" दिसली, एवढाच काय तो ओसाडपणा. डच शेतकऱ्यांनी डोंगराच्या या बाजूला नांगर घातला तेव्हा 1659 मध्ये थेट लढाई झाली. 1660 च्या तहाच्या वेळी खोईखोईंनी व्हॅन रीबीकला जे विचारलं ते त्याने स्वतःच लिहून ठेवलंय: आम्ही हॉलंडला येऊन असं केलं असतं तर तुम्ही चालू दिलं असतं का? त्यांना कडू बदाम आणि कंदमुळं गोळा करायला तरी येऊ द्या म्हणून मागणी होती, तीही नाकारली, आणि उत्तर काय दिलं तर जमीन आता आम्ही तलवारीने जिंकलीये. नंतर सीमा म्हणून जंगली बदामाचं कुंपण लावलं, त्या कुंपणाचा तुकडा किर्स्टनबॉशच्या बागेत आजही जिवंत आहे. ओसाड जमिनीला कुंपण कशाला लागतं हा साधा प्रश्न फॉरवर्ड लिहिणाऱ्याला पडायला हरकत नव्हती.

बरं, व्हॅन डर स्टेलला जमीन "मिळाली" ती कुणाकडून, तर डच ईस्ट इंडिया कंपनीचा कमिशनर व्हॅन ऱ्हीड याच्याकडून. हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. कोचीनला मलबारचा कमांडर असताना त्याने हॉर्टस मलबारिकस हा वनस्पतींवरचा 12 खंडांचा ग्रंथ उभा केला, त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन देवनागरी लिपीत छापलंय. पुढे 1691 मध्ये सुरतेकडे जाताना मुंबईजवळ जहाजावरच वारला आणि सुरतेला त्याची कबर आहे. तर या माणसाने 891 मॉर्गन जमीन, म्हणजे ढोबळ 1,900 एकर, एका सहीनिशी दिली. ज्यांची गुरं तिथे चरायची त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

"घाम गाळून". कुणाचा घाम? 1652 ते 1808 या काळात केपला अंदाजे 63,000 माणसं गुलाम म्हणून आणली गेली, आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा भारतीय उपखंडातून होता, बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा इथून, बाकी मादागास्कर, मोझांबिकची बाजू आणि इंडोनेशियाची बेटं. कागदपत्रात त्यांची नावं "अमुक व्हॅन बेंगालेन", "तमुक व्हॅन मलबार" अशी येतात. काहींना तर महिन्यांची नावं दिली, म्हणून केपटाउनमध्ये सप्टेंबर, फेब्रुवारी अशी आडनावं आजही भेटतात. वेली लावणं, छाटणी, द्राक्षं पायाने तुडवणं हे सगळं यांनी केलं, 1778 नंतर क्लूटे घराण्याच्या हातात ग्रूट कॉन्स्टॅन्शिया, म्हणजे वाडा असलेला इस्टेटीचा मुख्य भाग, आला आणि वाइनचं नाव युरोपभर झालं तेव्हाही यांनीच केलं. गुलामगिरी कागदावर 1 डिसेंबर 1834 ला संपली, पण "उमेदवारी"च्या नावाखाली आणखी चार वर्षं मालकाकडेच राबायला लावलं, खरी सुटका 1838 ची. हे डोक्यात राहू द्या, खाली परत लागणार आहे.

आणि गंमत म्हणा की नियती म्हणा, खुद्द व्हॅन डर स्टेलची आजी मोनिका ही भारताच्या किनाऱ्यावरची, गुलामगिरीतून सुटलेली बाई होती, मोनिका दा कोस्टा असं तिचं नाव सापडतं. वर्णभेदाच्या राजवटीत ज्याला गोऱ्या केपचा मूळपुरुष म्हणून मिरवलं, ज्याच्या नावाने स्टेलेनबॉश आणि सायमन्स टाउन वसलं, त्याच्या आजीला त्याच राजवटीच्या कायद्याने कॉन्स्टॅन्शियात घर घेऊ दिलं नसतं.

नेपोलियन. तो केपला कधी आलाच नाही हो. 1815 ते 1821 तो सेंट हेलेना बेटावर कैदेत होता आणि वाइन जहाजातून त्याच्याकडे जायची. त्याच्या आठवणी लिहून घेणारा लास काज मात्र बेटावरून हाकलला जाऊन केपला पोचला होता, त्याचं नाव घातलं असतं तर चाललं असतं.

"अखंड" आणि "जसाच्या तसा" हे दोन्ही एका फटक्यात संपवतो. ब्रिटनने केपच्या वाइनला दिलेली करसवलत 1860 च्या आसपास गेली, त्याच सुमारास वेलींवर भुरी रोग आला, क्लूटे घराणं बुडालं आणि 1885 मध्ये सरकारने ग्रूट कॉन्स्टॅन्शिया विकत घेऊन तिथे प्रायोगिक शेती केली, आणि 1886 मध्ये फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीडही केपमध्ये सापडली. जी गोड वाइन प्रसिद्ध होती ती जवळपास शंभर वर्षं बंदच होती, क्लाइन कॉन्स्टॅन्शिया या शेजारच्या मळ्याने ती पुन्हा काढली ती 1986 च्या हंगामापासून. वाड्याचं म्हणाल तर तो क्लूटेने वाढवला आणि बदलला, 1925 मध्ये जळला आणि नंतर परत बांधला. फोटो सुंदर येतो तो भाग वेगळा.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं टाइप करत बसलोय: "शेती परवडेना, प्लॉट पाडले, उपनगर झालं, कुणाला त्रास नाही."

यात थोडं खरं आहे आणि ते आधी मान्य करतो. 1712 मध्ये व्हॅन डर स्टेल वारल्यावर 1714 मध्ये इस्टेटीचे तीन तुकडे झाले, त्यातला एक बर्गफ्लीट. दुसऱ्या महायुद्धानंतर या बर्गफ्लीटच्या जमिनीवर घरं झाली, परत आलेल्या सैनिकांसाठी, मग शेजारी मेडोरिज उभं राहिलं. शहर वाढत होतं, वाइनला भाव नव्हता, शेतमालकाने विकलं, इथपर्यंत बाजाराची गोष्ट पटते.

पण कॉन्स्टॅन्शियाच्या खोऱ्यात फक्त मोठे मालक आणि त्यांचे मळे एवढंच नव्हतं ना. 1838 ला सुटलेली माणसं आणि त्यांची पोरंबाळं तिथेच राहिली होती, मळ्यांवर मजुरी करत, आणि हळूहळू काहींनी स्वतःची छोटी जमीन केली, काहींनी खंडाने घेतली, भाजी लावली, स्ट्रॉबेरी लावली, फुलं लावून शहरात नेऊन विकली. त्यांची चर्च होती, मशीद होती, दफनभूमी होती. क्लाइन कॉन्स्टॅन्शियाच्या वाटेवर शेख अब्दुर्रहमान मातेबे शाह यांची दर्गा आहे, सुमात्राहून डचांनी 1660 च्या दशकात हद्दपार करून आणलेला माणूस, म्हणजे व्हॅन डर स्टेलला जमीन मिळायच्याही आधीचा. मळा आणि बंगला यांच्या मधे हा एक पूर्ण गाव होता, तो फॉरवर्डमध्ये गायब आहे.

मग 1950 चा ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट आला. कुठल्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचं हे सरकार नकाशावर ठरवणार. कॉन्स्टॅन्शिया गोऱ्यांसाठी जाहीर झालं आणि 1960 च्या दशकात "कलर्ड" (सरकारी भाषेत मिश्र वंशाचे) म्हणून शिक्का बसलेल्या कुटुंबांना बाहेर काढलं. कायद्याची मेख अशी की जमीन तुमच्या नावावर असली तरी तुम्ही तिथे राहू शकत नाही, विकायची तर घेणारा गोराच पाहिजे, त्यात पहिला हक्क सरकारी बोर्डाचा, आणि सगळ्यांना माहितीये की तुम्हाला विकावंच लागणार आहे. आता सांगा, अशा सौद्यात भाव काय येणार? याला बाजार म्हणायचं असेल तर मग खिसा कापणाऱ्यालाही व्यापारी म्हणा. ती माणसं गेली ग्रासी पार्क, लोटस रिव्हर, रिट्रीट अशा केप फ्लॅट्सवरच्या, म्हणजे शहराकडेच्या सपाट पट्ट्यातल्या, वस्त्यांत, जिथली जमीन वाळूची आणि वारा जोराचा. यांची शेती "परवडेना" म्हणून सुटली नाही, सोडायला लावली. आणि झाडीतले मोठे शांत प्लॉट, ज्यांचं फॉरवर्डमध्ये एवढं कौतुक आहे, त्यातले कितीतरी याच जमिनींवर आहेत.

कुणीतरी म्हणेल की जबरदस्तीने हलवलं ते केपटाउन शहरातल्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतून, इथे कुठे. डिस्ट्रिक्ट सिक्स 1966 मध्ये गोऱ्यांसाठी जाहीर झालं, 60,000 हून जास्त माणसं गेली, घरं पाडून मैदान केलं म्हणून ते जगाला दिसलं. कॉन्स्टॅन्शियात मैदान झालं नाही, झाडं होती ती राहिली, वर बंगले आले, त्यामुळे फोटोत काही दिसत नाही, एवढाच फरक.

"पण 1994 नंतर परत दिलं ना सगळं?" हा पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच. जमीन परत मागायचा कायदा 1994 मध्ये झाला, अर्जाची मुदत 1998 च्या शेवटाला संपली, आणि त्यात 19 जून 1913 नंतर गेलेलीच जमीन मागता येते. म्हणजे खोईखोईंची चराई हिशोबातच नाही. 1960 च्या दशकात काढलेल्यांना अर्ज करता आला, पण तोपर्यंत त्या जागेवर दुसऱ्याचं घर, पोहण्याचा तलाव, दोन-तीन वेळा झालेली विक्री, त्यामुळे काहींना पैसे मिळाले, काहींना जमीन, आणि काहींच्या फायली वर्षानुवर्षं फिरत राहिल्या.

बिशप्सकोर्टला, व्हॅन रीबीकच्या त्या जुन्या मळ्याच्या परिसरात, प्रोटिया व्हिलेज नावाची वस्ती होती, तीही याच कायद्याने उठवली. घरं बहुतेक गेली, दगडी चर्च राहिलं. तिथून उठवलेली माणसं आणि त्यांची मुलं केप फ्लॅट्सवरून रविवारी प्रार्थनेला त्याच चर्चमध्ये येत राहिली, आजूबाजूच्या उंच भिंतींच्या बंगल्यांमधून वाट काढत. फॉरवर्डमधल्या "कुणालाही त्रास न होता" या चार शब्दांच्या जागी काय टाकायचं ते ज्याने त्याने ठरवा, मी तिघांनाही हे सगळं पाठवलंय, एकाने अंगठा दाखवलाय, दोघांनी अजून वाचलेलं नाही.