टिचकी मारून पेल्याचं वय कळत नाही

"टिचकीला घंटेसारखा वाजला तरच रंगीत कट ग्लासचा पेला जुना" हा मेसेज चुकीचा आहे. लांबत जाणारा नाद काचेत मिसळलेल्या शिशाचा (लेडचा), आणि शिशाची काच नवीनही मिळते. उलट जुनी बोहेमियन काच, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया भागातली, बहुधा पोटॅश-चुन्याची, बिनशिशाची. माझ्या आत्याने आजीचे निळे पेले 'वाजत नाहीत' म्हणून भंगारात दिले, त्याची हळहळ अजून जात नाही.

चोर बाजारात पेला आधी उलटा करा. वर्षानुवर्षं वापरलेल्याच्या बुडाला, टेकतो तिथेच, बारीक वेडेवाकडे ओरखडे असतात. सगळे एकाच दिशेचे असतील तर कुणीतरी पॉलिशपेपर घासलाय. नक्षीवर बोट फिरवा. हाताने कापलेली धार सहसा बोटाला लागते, साच्यातली बोथट असते. आणि लाल रंग वरवरचा दिसला म्हणून नकली ठरवू नका, बोहेमियात काचकारागीर एगरमान यांनी तसा रंग १८३० च्या दशकातच आणला होता.