माणशी किती मिळतात?

ऑफिसातला मित्र आहे, अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो. माझ्या पोराच्या बाप्तिस्म्याला, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या विधीला आला होता, त्याच्या गणपतीतले मोदक आमच्या घरी आणि आमच्या नाताळच्या करंज्या त्याच्या घरी, असं सगळं आहे. त्यानं परवा डबा खाताना एकदम विचारलं, "खरं सांग, तुमच्या लोकांना एका माणसामागे किती मिळतात?" म्हणजे एकाला ख्रिस्ती केलं की किती पैसे, असं.

भांडायच्या सुरात नव्हतं, त्याला खरंच वाटत होतं की काहीतरी रेट असणार. मी म्हणलं, एक रुपया नाही रे. त्यावर तो म्हणाला, "मग कशासाठी करता एवढं?" आणि तिथं मला नीट उत्तर देता आलं नाही, सुट्टी संपली, उठलो. तीन दिवस डोक्यात तेच चाललंय म्हणून इथं लिहितोय, त्यालाही टॅग करणार आहे.

आधी शब्दच बघा. आम्ही जे सांगत फिरतो त्याला आमच्यात सुवार्ता म्हणतात, वसईकडचे कॅथलिक शुभवर्तमान म्हणतात. दोन्हीचा अर्थ एकच, चांगली बातमी. मूळ ग्रीक शब्द काही देवळातला नव्हता, रोमन काळात सम्राटाचा जन्म झाला, सम्राट जिंकला, की त्या बातमीला तो शब्द वापरायचे. आणि नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, 'घोषणा करणे' म्हणून जे क्रियापद येतं ते दवंडीवाल्याचं आहे. आपल्या गावात दवंडी पिटणारा यायचा ना, तसा. त्याचं काम काय, तर वेशीपासून शेवटच्या आळीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचं, जे सांगायला दिलंय तेच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. संध्याकाळी चावडीवर त्याला कोणी विचारत नव्हतं की तुझी दवंडी ऐकून किती जण आले. ऐकून यायचं का नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

मला वाटतं आमच्या लोकांचं गणित इथंच चुकलं. हल्ली मिटिंगमध्ये पाहुणा वक्ता येतो आणि पहिली दहा मिनिटं आकडेच वाचतो, अमुक तालुक्यात इतके आत्मे जिंकले, म्हणजे इतके जण ख्रिस्ताकडे आले, तमुक ठिकाणी इतके. अंगावर काटा येतो माझ्या, आणि तो आनंदाचा नसतो. बायबलात मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कडक धर्मनिष्ठ ज्यूंना, काय बोलतो ते वाचा, एक माणूस आपल्या मताला वळवायला समुद्र आणि जमीन पालथी घालता आणि तो वळला की त्याला आपल्यापेक्षा दुप्पट वाईट करून ठेवता. ही बाहेरच्यांनी आमच्यावर केलेली टीका नाही हो, हे खुद्द आमच्या प्रभूचं वाक्य आहे, आणि आम्ही त्यावर उपदेश फार क्वचित करतो.

हे मी दुसऱ्यांना बोलतोय असं नाही. मी बावीस वर्षांचा होतो, तरुण संघातून दर शनिवारी सरकारी दवाखान्यात जायचो, पत्रिका वाटायचो, प्रार्थना करायचो. एका वॉर्डात एक काका होते, किडन्या गेल्या होत्या, गावाकडचे, सोबत फक्त बायको. त्यांना आमच्या घरून डबा जायचा, आई करून द्यायची, तो मी रोज नेऊन द्यायचो. एका शनिवारी मी त्यांना म्हणलं माझ्या मागं म्हणा, आणि पश्चात्तापाची प्रार्थना ओळ ओळ म्हणवून घेतली. त्यांनी हात जोडून सगळी म्हणली. रविवारी मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उभा राहून साक्ष दिली, एक आत्मा जिंकला म्हणून, टाळ्या पडल्या. पुढच्या शनिवारी गेलो तर कॉट रिकामी. काकू खाली कागदपत्रांच्या रांगेत दिसल्या. मी काहीतरी धीर देऊ लागलो तर त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, ते हो म्हणले कारण तुम्ही डबा आणत होता."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आज एवढी वर्षं झाली, मला त्या रांगेतली त्यांची जागा पण आठवते. त्या माणसाला मी नाही म्हणायची जागाच ठेवली नव्हती.

पुढं कधीतरी जॉन क्लॉ यांच्याबद्दल वाचलं. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी, आताच्या आंध्रातल्या ओंगोलला. १८७६ ते ७८ चा तो भयानक दुष्काळ, माणसं रस्त्यावर मरत होती. या गृहस्थानं बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैल खोदाईचं कंत्राट घेतलं म्हणजे लोकांना मजुरी मिळेल, पोट भरेल. आणि त्याच काळात बाप्तिस्मे देणं बंद केलं! हजारो लोक मागत होते, हा देत नव्हता, कारण भाकरीसाठी आलेला कोण आणि प्रभूसाठी आलेला कोण हे कळणार नाही. मदत संपली, वाटायला हातात काही उरलं नाही, तेव्हा पुन्हा सुरू केलं, आणि १८७८ च्या जुलैत एका दिवसात २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला. आमच्याकडे तो आकडाच सांगितला जातो. माझ्या दृष्टीनं त्याच्या आधीचे बंद ठेवलेले महिने जास्त मोठे आहेत. डबा आणि प्रार्थना यांच्यात जे अंतर मला ठेवता आलं नाही ते त्यानं पूर्ण जिल्ह्याच्या दुष्काळात ठेवलं.

मग मित्र म्हणेल, एवढं आहे तर डबा द्या आणि गप्प बसा की, बोलायचं कशाला. हा प्रश्न बरोबर आहे आणि याला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात उत्तर आहे असं मला वाटतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथं लंडनमध्ये फुलहॅमला त्यांनी एक आश्रम बघितला, समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांचा. तिथल्या सिस्टर त्या बायकांची मायेनं सेवा करत होत्या. रमाबाई संस्कृत कोळून प्यायलेल्या, शास्त्रांत अशा बाईला काय शिक्षा सांगितलीय ते त्यांना पाठ होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही यांची एवढी काळजी का घेता? तेव्हा एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची, म्हणजे ज्यू लोक ज्यांना हलकं मानायचे त्यांच्यातल्या बाईची, गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली बाई, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, आणि येशू तिच्याकडं पाणी मागतो. रमाबाईंनी पुढं स्वतःच लिहून ठेवलंय की त्या गोष्टीनं त्यांना पकडलं. आता यात क्रम बघा. आधी काम दिसलं, मग रमाबाईंनी स्वतः विचारलं, मग सिस्टर बोलली. पण बोलली! ती नुसती हसून गप्प बसली असती तर रमाबाईंना चांगल्या बायका दिसल्या असत्या, त्या बायका कुणामुळं अशा झाल्या ते कळलं नसतं. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं पत्रात हेच सांगितलंय, तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं.

आणि सांगायचं ते काय? नीट वागा, खोटं बोलू नका, हे सांगायला ख्रिस्ती कशाला पाहिजे, ते आपल्याकडं तुकोबांनी सांगितलंय, आजी पण सांगते. आमचं म्हणणं असं की काहीतरी घडलंय. देवानं स्वतः पुढाकार घेतला, येशू आमच्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. हे खरं असेल तर ती बातमी आहे, आणि बातमी स्वतःजवळ दाबून ठेवणं हा दुसऱ्यावर अन्याय आहे. तुला पटणार नाही, चालेल. पण मला ते खरं वाटत असूनही मी अकरा वर्षं शेजारी बसून तुला कधी सांगितलंच नाही, तर मी तुझा कसला मित्र?

येशूचा प्रेषित पौल करिंथ गावच्या मंडळीला पत्र लिहितो तिथं मराठी बायबलात वकिली हा शब्द आहे, ख्रिस्ताच्या वतीनं आम्ही वकिली करतो. पेशवाईत दरबारात वकील असायचे तो वकील, कोर्टातला नव्हे. आणि हा वकील राजाचा असून काय करतो तर विनवतो, देवाशी समेट करा म्हणून. हुकूम नाही, धमकी नाही. बायबलातला तो श्रीमंत तरुण, सगळं विकून गरिबांना दे हे ऐकून येशूकडून दुःखी होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागं धावला नाही, अट पण कमी केली नाही, आणि त्याच्यावर प्रीती केली असं मार्क मुद्दाम लिहितो.

१९७७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कलम २५ मध्ये धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आमच्यातले पुष्कळ लोक यावर नाराज आहेत, आणि त्या निकालाच्या जोरावर धर्मांतरविरोधी कायदे कसे वापरले जातात, साध्या घरगुती प्रार्थनेला पण लोक कसे घाबरतात ते मलाही दिसतं, त्याचा त्रास होतो. पण एक ख्रिस्ती म्हणून त्या एका वाक्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याचं मन मी बदलू शकतच नाही, ते देवाचं काम आणि त्या माणसाचं. माझ्याकडं फक्त सांगणं आहे.

कवी ना. वा. टिळकांचंच घ्या. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला. भेट तेवढीच. टिळकांनी डोंगरावरचं प्रवचन वाचलं, घासाघीस केली स्वतःशी, आणि दोनेक वर्षांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या डब्यातल्या माणसाच्या हाताला कुठलाच आकडा लागला नाही. आणि टिळकांनी स्वतः शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' नावाचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला गुरू मानणारे दोघंही चालायचे.

तर मित्रा, माणशी शून्य मिळतात. उद्या डबा मी आणतोय, आईच्या हातचं वांग्याचं भरीत आहे, आणि ते खाऊन तुला काहीही म्हणायचं नाहीये. विहिरीवरच्या त्या बाईची गोष्ट मात्र मला तुला एकदा पूर्ण सांगायची आहे, तू म्हणशील तेव्हा.