आयझॉलचे विजेतेपद ही बोलाफुलाची गाठ नव्हती

नेरुळ, खारघर, कोपरखैरणे या भागांतील फुटबॉलप्रेमींच्या आणि खेळाडू मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: मिझोरमच्या आयझॉल एफसी या फुटबॉल संघाने २०१६-१७ ची आय-लीग, म्हणजे देशाचा विजेता ठरवणारी तेव्हाची लीग, जिंकली ती निव्वळ नशिबाने, हा संघ मागच्या दाराने स्पर्धेत आला होता, मोठे संघ थकलेले होते, डोंगरावरच्या कृत्रिम मैदानाने त्याला हात दिला आणि पुढच्याच वर्षी तो विस्कटला, सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, तेव्हा लहान संघाने विजेतेपदाची भाषा करू नये आणि लहान अकादमीतल्या मुलांना ती शिकवूही नये. या मजकुरातली काही विधाने वस्तुस्थितीला धरून आहेत, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. मात्र त्यांतून काढलेला निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा आहे, आणि मिझोरमच्या त्या संघावर जीव असलेला प्रेक्षक म्हणून मला त्याचे उत्तर मुद्द्यागणिक द्यावेसे वाटते.

‘मागच्या दाराने आला’ हे विधान आधी घेऊ. २०१५-१६ च्या हंगामात आयझॉल ९ संघांत आठवा आला आणि त्याची खालच्या श्रेणीत पदावनती झाली, हे खरे आहे. तथापि त्याच्याही खाली, नवव्या क्रमांकावर, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स हा संघ होता आणि थेट प्रवेश मिळालेला असल्यामुळे त्याला पदावनतीतून सूट होती, ही गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलेली नाही. पुढे गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या संघांनी लीगमधून माघार घेतली, जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेण्यात आले. प्रवेशापुरते नशीब उघडले, असे कोणी म्हणाले तर माझी हरकत नाही. पण प्रवेशाबरोबर एकही गुण मिळत नाही. १० संघांच्या त्या लीगमध्ये इतरांप्रमाणेच आयझॉलचीही सुरुवात शून्यापासून झाली, आणि १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी आणि ३ पराभव अशी कामगिरी करून त्याने ३७ गुण मिळवले. मोहन बागान ३६ गुणांवर राहिला.

दुसरा आक्षेप मोठ्या संघांच्या थकव्याचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. त्या वर्षी मोहन बागान आणि बेंगळुरू एफसी हे दोन्ही संघ आय-लीगबरोबरच एएफसी कप ही आशियाई क्लबांची स्पर्धाही खेळत होते. प्रवास वाढला, दोन सामन्यांमधली विश्रांती कमी झाली, आणि अवघ्या एका गुणाच्या फरकाने ठरलेल्या स्पर्धेत याचा काहीच परिणाम झाला नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु ईस्ट बंगालचे काय? तो संघ त्या वर्षी आशियाई स्पर्धेत खेळत नव्हता. त्याच्याकडे पैसा होता, परंपरा होती आणि कोलकात्याचा प्रचंड प्रेक्षकवर्ग होता. तरीही तो ३३ गुणांवर थांबला, म्हणजे आयझॉलपेक्षा ४ गुणांनी आणि थकलेल्या मोहन बागानपेक्षाही ३ गुणांनी मागे. थकवा हेच जर विजेता ठरवण्याचे कारण असते, तर विजेतेपद ईस्ट बंगालकडे जायला हवे होते.

मैदानाचा मुद्दा तर टिकतच नाही. आयझॉलच्या राजीव गांधी स्टेडियममध्ये कृत्रिम गवत आहे आणि ते शहर डोंगरावर आहे, हे मान्य. पण याच मैदानावर, याच उंचीवर खेळून हाच संघ आदल्या वर्षी आठवा आला होता. शिवाय शिलाँग हे आयझॉलपेक्षाही उंचावर वसलेले शहर आहे, तिथल्या स्टेडियममध्येही तेव्हा कृत्रिम गवतच होते, आणि तरीही शिलाँग लाजाँग त्या वर्षी विजेतेपदाच्या आसपासही नव्हता.

मग एका वर्षात बदलले काय? या प्रश्नापाशी मजकूर मुंबईचा संदर्भ पूर्णपणे गाळतो, याचे मला विशेष वाईट वाटते. अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक असलेल्या खालिद जमील यांना त्या संघाने २०१६ मध्ये निरोप दिला आणि आयझॉलने त्यांना बोलावून घेतले. मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे हेही आयझॉलमध्ये आले. गोलपोस्टमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स होता, बचावात अफगाणिस्तानचा मसीह सैघानी, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा अल्फ्रेड जरियान. आणि या सर्वांच्या भोवती लालरुआथारा, लालरामचुलोवा, ब्रँडन यांच्यासारखी मिझोरमचीच तरुण मुले होती. मोठ्या क्लबांच्या यादीत नसलेले अनुभवी खेळाडू आणि ताज्या दमाची स्थानिक मुले यांची ही जुळणी विचारपूर्वक केलेली होती. संघाचा वर्षाचा खर्च सुमारे २ कोटी रुपये असल्याचे त्या वेळी छापून आले होते. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि त्याची पदावनती झाली, ही घटना मुंबई-ठाण्याच्या फुटबॉलप्रेमींनी विसरू नये. ज्यांनी प्रशिक्षक सोडला ते तळाला गेले आणि ज्यांनी तो घेतला ते शिखरावर पोहोचले. जमील यांनी पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीग या आय-लीगहून वेगळ्या, वरच्या लीगच्या बाद फेरीत नेले, तेव्हा असे करणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. एकदाच मटका लागलेल्या माणसाची वाटचाल अशी नसते.

शेवटच्या दोन सामन्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘नशीब’ हा शब्द त्यांच्याच बाबतीत सर्वाधिक वापरला जातो. २२ एप्रिल २०१७ रोजी मोहन बागान आयझॉलला आला तेव्हा दोन्ही संघांचे ३३ गुण होते. जो जिंकेल त्याचे पारडे जड होणार, हे सर्वांना माहीत होते. ८० मिनिटे उलटली तरी गोलफलक कोरा होता. ८३ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला आणि झोहमिंगलियाना राल्टे या बचावपटूने हेडर मारून चेंडू जाळ्यात धाडला. बरोबरीवर समाधान मानण्याचा मोह होण्याच्या वेळी बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर उभा होता, याला मी नशीब मानत नाही. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एक गुण पुरेसा होता, पण नवव्याच मिनिटाला आसिएर दिपांदा डिकाने गोल करून आयझॉलला मागे टाकले. तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना जिंकत होता. अशा वेळी भले भले संघ सैरभैर होतात. आयझॉलने खेळाचा जवळजवळ तासभर तो दाब सहन केला आणि ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. ही बरोबरी संघाने शेवटपर्यंत टिकवली.

लहान संघ एखादा बाद फेरीचा सामना मारू शकतो, लांबलचक लीग नाही, असेही मजकुरात ओघाने म्हटले आहे. वास्तव उलट आहे. एका सामन्यात पंचांचा एक निर्णय किंवा एक पेनल्टी सगळे उलटेपालटे करू शकते. १८ किंवा ३८ सामन्यांत असे फायदे-तोटे बरेचसे एकमेकांना छेद देतात. नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७७-७८ मध्ये इंग्लंडची आणि कायझरस्लाउटर्नने १९९७-९८ मध्ये जर्मनीची लीग जिंकली, तेव्हा दोघेही नुकतेच खालच्या श्रेणीतून वर आले होते. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये ३८ पैकी फक्त ३ सामने गमावले आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलला १० गुणांनी मागे टाकले. आपल्याच आय-लीगमध्ये आयझॉलनंतर २०१७-१८ चे विजेतेपद मिनर्व्हा पंजाबने मिळवले, जो आदल्या वर्षी १० संघांत नववा होता. आणि २०१८-१९ मध्ये चेन्नई सिटीने ईस्ट बंगालला एका गुणाने मागे टाकून बाजी मारली. बेंगळुरू तोवर इंडियन सुपर लीगमध्ये गेला होता, हे लक्षात घेतले तरी कोलकात्याचे दोन्ही बलाढ्य संघ तिन्ही वर्षे मैदानात होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकदा गाठ पडते. सलग तीन हंगाम पडत नाही.

राहिला ‘पुढच्याच वर्षी विस्कटला’ हा मुद्दा. संघ विस्कटला, हे खरे. पण तो आपोआप विस्कटलेला नाही. २०१७ मध्ये आय-लीगच्या विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये बढती मिळण्याची सोयच नव्हती. नवे संघ घ्यायचे ठरले तेव्हा बेंगळुरू आणि जमशेदपूर यांना प्रवेश मिळाला. देशाचा विजेता आयझॉल दाद मागत राहिला आणि बाहेरच राहिला. साहजिकच खेळाडूंनी वरची वाट धरली. मेहता आणि राणे एटीके या कोलकात्याच्या सुपर लीग संघाकडे गेले, लालरुआथारा केरळ ब्लास्टर्सकडे, गोम्स दिल्लीकडे. जमील, अल आमना, ब्रँडन आणि लालरामचुलोवा यांना तर ईस्ट बंगालनेच नेले. ज्या संघातली माणसे प्रतिस्पर्धी पैसे मोजून नेतात, त्या संघाचे यश नशिबाचे होते असे ते प्रतिस्पर्धी तरी मानत नव्हते. पैशाची ताकद इथे निर्विवाद दिसते, आणि मजकुराचा एवढा भाग मला मान्य आहे: पैसा विजेता संघ फोडू शकतो. तो घडवतोच असे मात्र नाही. आय-लीग विजेत्याला बढती देण्याची पद्धत २०२२-२३ च्या हंगामापासून सुरू झाली आणि पंजाबचा संघ त्या मार्गाने वर गेला. आयझॉलला ती सोय सहा वर्षे आधी मिळाली असती, तर तो संघ टिकला असता असे माझे ठाम मत आहे.

मजकुराचा शेवट मुलांना उद्देशून आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलतो. सिडकोच्या मैदानांवर सकाळी सरावाला येणारी बारा-तेरा वर्षांची मुले समोरच्या संघाचे नवे किट आणि बूट पाहून ‘यांच्याशी आपण हरणारच’ असे वॉर्म-अपच्या आधीच म्हणताना मी ऐकली आहेत, आणि कठड्याशी उभे असलेले पालकही त्यांना दुजोरा देतात. अशा मुलांच्या हाती हा मजकूर देणे हा अन्याय आहे. त्यांना २०१५-१६ आणि २०१६-१७ या दोन हंगामांच्या गुणतालिका शेजारी शेजारी ठेवून दाखवा, राल्टेचा तो हेडर दाखवा, आणि मुंबईने सोडलेला प्रशिक्षक व मुंबईतून गेलेले खेळाडू त्या संघात होते हेही सांगा. ज्यांना हा मजकूर पुढे पाठवायचाच असेल, त्यांनी निदान त्याखाली मिनर्व्हा पंजाब आणि चेन्नई सिटी यांची नावे लिहून तो पाठवावा.