माळ्यावरचा खोका

चवथीआधी माटोळीची (आम्ही गोव्यात गणपतीवर फळं-भाज्या टांगतो ती) चौकट काढायला माळ्यावर चढलो आणि हाताला कॅसेटींचा खोका लागला. अलिशाची 'मेड इन इंडिया', बाबा सेहगलची 'ठंडा ठंडा पानी', दलेर मेहंदी, तळाला आमचा गोव्याचा रेमो फर्नांडिस. टेपांवर पांढरी बुरशी. आमच्या पावसाने कपाटातले चामड्याचे बूट सोडले नाहीत, तर यांचं काय!

भाचा विचारतो, "मामा, हा बाबा सेहगल कोण?"

हिंदीत रॅप आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते याच्याच तोंडून, १९९२ साली. अख्खं गाणं न अडखळता म्हणणाऱ्याला फोंड्याच्या कॉलेजात वेगळाच भाव होता. मी दुसऱ्या कडव्यात अडखळायचो, म्हणून माझा भाव बेताचाच. घरी माझे वडील जितेंद्र अभिषेकीबुवांची नाट्यपदं लावायचे. बुवांचं गाव मंगेशी हाकेच्या अंतरावर, तरी आम्हाला ती बुरसटलेली वाटायची. आणि कोकणी गाणारी लोर्ना? ती तर लग्नात म्हातारे नाचतात ती गाणी!

आज लग्नाच्या हॉलमध्ये बँडने लोर्नाचं 'बेबदो' धरलं की पोरंसोरंसुद्धा उठतात. 'मेड इन इंडिया'ची फर्माईश मात्र कुणी केलेली मी तरी बऱ्याच वर्षांत ऐकली नाही.

माझं मत विचाराल तर यात गळ्याचा दोष नाही. आम्ही त्यांच्याकडून गाणं कमी आणि नवेपणाच जास्त विकत घेत होतो. दहावा रॅपर आल्यावर पहिल्याची नवलाई कुठून उरणार? वर ज्या म्युझिक चॅनेलांनी यांना डोक्यावर घेतलं, त्यांनीच पुढे दिवसभर सिनेमाची गाणी लावली. दुकान दुसऱ्याचं; मालकाने फळीवरचा माल बदलला.

रेमोचं मात्र वेगळं. गड्याने १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' शिवोलीच्या घरात स्वतःच रेकॉर्ड केली आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. भाच्याला तो माहीत नाही. 'हम्मा हम्मा' माहीत आहे, पण २०१७ च्या सिनेमातलं. १९९५ चं 'बॉम्बे'मधलं रेमोचं ऐकवलं, तर म्हणतो, "हे रिमिक्स बरंय." मी काही बोललो नाही. (बोललो. बहीण स्वयंपाकघरातून ओरडेपर्यंत बोललो.)

लकी अलीचंही तसंच. २०२० साली गोव्यात हरमलला चार माणसांत बसून गिटारवर 'ओ सनम' गायला आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. आवाज थकलेला, दाढी पांढरी. मी तीनदा पाहिला.

खोका खाली आणला. दादाने दोन कॅसेटी उघडल्या आणि टेप ओढायला लागला. भात पोटरीला आलंय, पाखरं येतील. शेतावर टेप ताणून बांधली की वाऱ्याने घूं-घूं वाजते, पाखरं बसत नाहीत. बाबा सेहगल गेला, दलेर गेला. अलिशाला हात घालताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ने.

रेमोची तेवढी शर्टाच्या खिशात घातली. वाजवायला टेपरेकॉर्डर नाही घरात.