मुलांचा सोरायसिस ‘२१ दिवसांत मुळापासून’: एका संदेशाचा प्रतिवाद

मुलांचा सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे उठवणारा आजार, २१ दिवसांत मुळापासून घालवण्याचा दावा करणारा एक संदेश सध्या सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. जुळे सोलापुरातल्या माझ्या बहिणीला तो शाळेच्या पालकगटातून आला आणि भाच्याचे मलम आजच बंद करू का, असे तिने विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: हा आजार स्पर्शाने पसरतो, तो दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होतो, डॉक्टरांची मलमे स्टेरॉइडची असल्याने ती लगेच थांबवावीत, खवले खरखरीत दगडाने घासून त्यावर बावची या औषधी वनस्पतीचे तेल लावावे व मुलाला तासभर दुपारच्या उन्हात बसवावे, आणि सोबत एक ‘गुप्त’ पुडी द्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेची धोरणे ठरवणाऱ्या जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली केलेल्या ठरावात सोरायसिस हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य आणि पूर्णपणे बरा करणारा उपाय नसलेला आजार असल्याचे नोंदवले आहे. या एका ठरावाने संदेशातले पहिले वाक्य आणि २१ दिवसांचे आश्वासन, दोन्ही निकालात निघतात. हा आजार नियंत्रणात ठेवता येतो, कित्येक महिने त्वचा स्वच्छ राहू शकते, ही गोष्ट वेगळी. टॉवेल वेगळा ठेवून किंवा वर्गात वेगळ्या बाकावर बसवून मुलाच्या मनाला इजा होण्यापलीकडे काहीही साधत नाही.

दूध-माशांवर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. मासे कधीच न शिजणाऱ्या घरांतल्या मुलांनाही सोरायसिस होतो. त्यामागे अनुवंश आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतला बिघाड असतो. मुलांमध्ये घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर अंगभर थेंबांएवढे चट्टे उमटल्याचे विशेष आढळते.

खरा संताप येतो तो दगड, बावची आणि उन्हाच्या उपायाचा. सोरायसिस असलेल्या त्वचेला जिथे खरचटते किंवा भाजते, तिथेच नवे चट्टे उठू शकतात. हाइनरिश कोब्नर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. म्हणजे दगडाने घासणे हे आजाराला स्वतःहून जागा करून देणे झाले. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि ते त्वचेला उन्हाबाबत कमालीचे संवेदनशील करते. याच वर्गातली औषधे रुग्णालयात मोजलेल्या किरणांसोबत वापरतात खरी, पण लहान मुलांत ती सहसा टाळली जातात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असताना असे तेल लावलेल्या मुलाला तासभर बाहेर बसवले, तर फोड येतील, त्वचा भाजेल आणि भाजलेल्या जागी पुन्हा सोरायसिसच उगवेल. माफक उन्हाने काहींना आराम पडतो, एवढे यातले तथ्य मान्य आहे. मुलांना प्रकाशोपचारही देतात, मात्र तो अरुंद पट्ट्यातील अतिनील किरणांचा असतो आणि त्याची मात्रा डॉक्टर ठरवतात.

स्टेरॉइडच्या मलमांबद्दलची भीती निराधार नाही, हेही नाइलाजाने कबूल करावे लागते. दुकानातून परस्पर आणलेल्या तीव्र मलमांनी मुलांची त्वचा पातळ होते, आणि वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने औषध शरीरातही अधिक शोषले जाते. म्हणूनच डॉक्टर चेहऱ्यासाठी आणि जांघेसाठी सौम्य मलम देतात, मुदत ठरवतात, पुढे कॅल्सिपोट्रिऑलसारखे स्टेरॉइडविरहित औषध जोडतात आणि त्वचा मऊ ठेवणारे मलम रोज लावायला सांगतात.

गंमत अशी, की स्टेरॉइडचा एवढा धसका घेतलेला हा संदेश ज्या प्रकारची पुडी देऊ करतो, तशा बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइडच मिसळलेले सापडते. काहींत शिसे आणि पारादेखील. पोटातून घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबले तर सोरायसिस पूने भरलेल्या फोडांच्या गंभीर रूपात उसळू शकतो. त्यामुळे ज्या मुलाला अशी पुडी आधीच सुरू झाली आहे, त्याला उरलेल्या पुडीसह त्याच दिवशी सिव्हिलच्या त्वचारोग विभागात किंवा आपल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे दाखवावे आणि ती कशी थांबवायची हे त्यांनाच ठरवू द्यावे.