कोर्दोबात गाडी घालायची हौस

स्पेनमधल्या कोर्दोबाच्या जुन्या गावात भाड्याची गाडी घेऊन उतरायचं असेल, तर आधी गाडीची सोय बघावी, मग स्वतःची. खोली रात्री अकरालाही कुठेतरी मिळते. गाडीचं तसं नाही. हॉटेलच्या पानावरच्या 'पार्किंग उपलब्ध' या दोन शब्दांवर मी तरी जीव टाकत नाही. त्यांचा खरा अर्थ असा: पाच-सात मिनिटं चालत गेल्यावर कुणाच्या तरी तळघरात, रोजचे पंधरा-वीस युरो मोजून आणि आधी कळवलं असेल तर, जागा मिळू शकेल.

यात हॉटेलवाल्याचा दोष नाही. मशीद-कॅथेड्रलभोवतीच्या (म्हणजे पुढे चर्च झालेल्या जुन्या मशिदीभोवतीच्या) हुदेरियातल्या, म्हणजे जुन्या यहुदी वस्तीतल्या गल्ल्यांची वीण अरबी अमलातली. ऊन खाली पोचू नये म्हणून अरुंद, आणि कित्येक पुढे बंद. एका बोळाचं नावच रुमालाची गल्ली. अरुंद टोकाला तो रुमालाएवढाच. बाकीच्या फार तर पंचाएवढ्या.

या भागात गाड्यांना मुभा नाही. 'आसिरे', म्हणजे वाहतुकीला मर्यादा असलेला भाग, असं लिहिलेली पाटी दिसली की पुढे कॅमेरा आहे आणि तो नंबरप्लेट वाचतो. हॉटेलात उतरणाऱ्याला आत येता येतं, पण त्यासाठी हॉटेलने तुमचा नंबर नगरपालिकेला कळवायला हवा. मेख इथेच आहे. हॉटेल महिनाभर आधी नंबर मागतं आणि भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात पडेपर्यंत कळत नाही. म्हणून गाडी ताब्यात घेतल्या घेतल्या, काउंटरवरूनच, प्लेटचा फोटो हॉटेलला धाडायचा. फोटोच, कारण नंबर टाइप करताना शून्याचा 'ओ' होतो. स्पॅनिश प्लेटवर चार आकडे आणि तीन अक्षरं असतात, त्या अक्षरांत स्वर नसतोच; पण हे आपल्या बोटांना कोण सांगणार?

नाही कळवलं, तर दंड आधी गाडीच्या कंपनीकडे जातो. ती तुमचं नाव पुढे कळवते आणि या निरोप्यागिरीचे पैसे तुमच्या कार्डावरून वळते करते. मूळ दंड नोटीस मिळाल्यापासून वीस दिवसांत भरला तर निम्म्यावर सुटतो. निरोप्याची मजुरी मात्र पुरी.

रस्त्याकडेला लावायची तर रेषांचे रंग पाठ हवेत. पांढरी रेघ म्हणजे फुकट, निळी म्हणजे यंत्रात पैसे, पिवळी म्हणजे विचारसुद्धा करू नका. निळ्या जागांवर पुष्कळ ठिकाणी दुपारच्या वामकुक्षीच्या वेळात पैसे लागत नाहीत. तास यंत्रावर लिहिलेले असतात, तेवढे वाचावेत. 'वादो', म्हणजे गाड्यांच्या ये-जा करण्याची वाट, अशी पाटी असलेल्या दारासमोर पाच मिनिटंही थांबू नये. परत येऊन बघाल तर गाडीच्या जागी रस्त्यावर एक त्रिकोणी स्टिकर चिकटवलेला. ती टोइंगवाल्याची पोच.

तळघराच्या तोंडाशी हिरव्या अक्षरांत 'लिब्रे' दिसलं की आपल्या माणसाचा चेहरा उजळतो. लिब्रे म्हणजे जागा मोकळी. फुकटला तिथे 'ग्रातिस' म्हणतात आणि तो शब्द गॅरेजवर मी वाचलेला नाही. आत उतरताना दोन्ही आरसे मिटायचे. वळणावरच्या खांबावर छातीच्या उंचीपर्यंत पांढरे, लाल, करडे असे ओरखडे असतात; ज्या उंचीवर ते दाट, तिथे आपला बंपर येणार हे धरून चालावं. त्यात चाक डावीकडे, गिअर उजव्या हाताला. आपला डावा हात सवयीने गिअर शोधत दारावर आपटत राहतो. तिकीट गाडीत ठेवायचं नाही. सकाळी पैसे आधी यंत्रात भरायचे, मग गाडीकडे जायचं. फाटकाशी पोचून खिसे चाचपणाऱ्यामागे हॉर्नचा गजर सुरू होतो.

यापेक्षा मला नदीपलीकडचा मार्ग पटतो. ग्वादाल्किविरच्या दक्षिण काठच्या वस्तीत पांढऱ्या रेषांची जागा शोधायची आणि रोमन पुलावरून चालत यायचं. पूल जेमतेम अडीचशे मीटर, गाड्यांना बंद. बॅगेला चाकं असली तरी भरवसा ठेवू नये: गावातली फरसबंदी नदीतल्या गोट्यांची, आणि तिच्यावर चाकं गोल फिरण्याऐवजी उड्या मारतात. जुलै-ऑगस्टात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सरळ टॅक्सी करावी. तिला आत जाता येतं.

मग हॉटेल. दाराशेजारच्या निळ्या पाटीवर 'एच' असेल तर हॉटेल, 'एचएस' असेल तर ओस्ताल, म्हणजे घरगुती लॉज. एका खोलीत आठ पलंगांचं हॉस्टेल नव्हे. मोबाईलचा निळा ठिपका जाड भिंतींमध्ये या गल्लीतून त्या गल्लीत उडत राहतो, तेव्हा फोन खिशात ठेवून घरांचे क्रमांक वाचावेत.

आणि तरीही कुणाला गाडी दारापर्यंत न्यायचीच असेल, तर कोपऱ्यांकडे लक्ष ठेवावं. घरांच्या भिंती बैलगाड्यांच्या चाकांपासून वाचाव्यात म्हणून कोर्दोबाकरांनी कोपऱ्याकोपऱ्यावर जुने रोमन खांब आणि जात्याच्या तळ्या पुरून ठेवल्या आहेत. त्या खांबांपुढे कंपनीच्या विम्याची काय कथा!